पाच किलोचा कुत्रा आणि जांबोटी-कणकुंबीची रानवाट

दिवाळीनंतर पाच किलोच्या पॉमेरेनियनला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे दहा-बारा किलोमीटर चालता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण भीमगड आधीच वगळा. २०११ पासून ते अभयारण्य आहे. परवानगीशिवाय माणसालाही आत जाता येत नाही. सुरुवात राजहंसगड किंवा वैजनाथच्या डोंगरावर करा. आधी चार किलोमीटर, मग दर आठवड्याला एखादा वाढवा.

एवढ्याशा कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभरच वर असतं. तुमच्या पोटरीला घासणारं गवत त्याच्या तोंडावर आपटतं, आणि बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळलेलं असतं. कुसळाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते आतच सरकत जातं. कुत्रा एकाच कानाच्या बाजूने डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा सारखा चाटत असेल, तर कुसळ शिरलंय असंच धरून चाला. कानातलं स्वतः काढायला जाऊ नका. पंजांतले आणि कानांभोवतीचे केस निघण्याआधी कापून घ्या, पण अंगावरचे भादरू नका; ते उन्हापासून कातडी वाचवतात.

दुसरी गोष्ट गोचीड. वजनानुसार डॉक्टरांकडून गोळी घेऊन ती दोनेक दिवस आधीच द्या. घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, जांघेत, शेपटीखाली आणि हार्नेसखाली बोटं फिरवा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडीचा चटका असले उद्योग नकोत, बोटांनी चिरडणंही नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर लगेच रक्त तपासा. बेबेसिया, एर्लिशिया हे रक्तातले दोन्ही आजार गोचिडीतूनच येतात. माणसाला होणारा माकडतापही गोचिडीमुळेच होतो. शेजारच्या सत्तरी, दोडामार्गात तो होऊन गेलाय आणि नोव्हेंबर ते मे हे त्याचे महिने. म्हणून विंचरून झाल्याशिवाय कुत्रा अंथरुणात नको. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर माघारी फिरा.

पावसाळ्यात गेलात तर जळवाही असतात. अंगावरची नखाने सरकवून काढा. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल तर आत जळू असू शकते, तिथे मीठ घालू नका.

जांभ्याचा सडा दुपारी तापतो. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही भाजतील. अर्ध्या दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी त्याच्यासाठी वेगळं न्या. डबक्यातलं पाजू नका. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस या वर्षी झालीय का ते कार्डावर बघा. जीभ बाहेर, पाय लटपटतायत, असं दिसलं तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा.

गळ्यात पट्टा नको, या जातीची श्वासनलिका नाजूक असते. पाठीवर मूठ असलेलं हार्नेस आणि दोन मीटरची साधी दोरी पुरे. गुंडाळणारी दोरी झुडपात अडकते. गवळीवाड्यावरची कुत्री दिसली की शंभर पावलं आधीच त्याला पाठीवरच्या पिशवीत घ्या. ती अंगावर आल्यावर उचललंत तर ती उड्या मारतात. बिबट्यासाठी एकच नियम: दिवस मावळायच्या आत रस्त्यावर.

आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सापाच्या विषावरचं औषध आहे का विचारून ठेवा. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर चालतं. चापडा (झुडपांवरचा हिरवा विषारी साप) चावला तर ते लागू पडत नाही, फक्त वेदना आणि सूज यांवर उपचार होतात. कोणताही साप असो, बांधू नका, कापू नका, उचलून न्या.