एकच 'लिसनर', अर्थ मात्र दोन

प्रश्न: ताई, मी डेटाबेस सर्टिफिकेशनचा अभ्यास करतेय, आधी ओरॅकल केलं आणि आता एसक्यूएल सर्व्हर, पण 'लिसनर' शब्द आला की गोंधळ उडतो, दोन्हीकडे अर्थ वेगळाच वाटतो, माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही गं, शब्दच फसवा आहे. ओरॅकलमध्ये लिसनर म्हणजे वेगळी चालणारी प्रोसेस, ती सहसा १५२१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे कनेक्शन येण्याचा क्रमांक) असते, आलेलं कनेक्शन डेटाबेसकडे सोपवते आणि बाजूला होते, म्हणून लिसनर बंद पडला तरी आधी जोडलेली सेशन्स चालूच राहतात, हे नीट लक्षात ठेव. एसक्यूएल सर्व्हरच्या अव्हेलेबिलिटी ग्रुपमधला (म्हणजे डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवायची सोय) लिसनर प्रोसेस नाहीच, ते नुसतं एक नेटवर्क नाव, त्याला स्वतःचा आयपी आणि पोर्ट, फेलओव्हर झाला, म्हणजे मुख्य सर्व्हरचं काम दुसऱ्याकडे गेलं, की तेच नाव नवीन प्रायमरीकडे, म्हणजे नव्या मुख्य सर्व्हरकडे नेतं. मग ओरॅकलच्या लिसनरसारखं तिथे कोण? थोडाफार एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर, तो यूडीपी १४३४ पोर्टवर नेम्ड इन्स्टन्सचा (एसक्यूएल सर्व्हरची वेगळं नाव देऊन बसवलेली प्रत) पोर्ट सांगतो, पण कनेक्शन काही हाताळत नाही. वहीत प्रत्येक शब्दापुढे प्रॉडक्टचं नाव लिहीत जा, मला तरी त्याचाच जास्त उपयोग झाला.