अमेरिकेत एखादं शहर स्वतःच्या हद्दीत बंदुकीवर बंदी घालू शकतं का?

सरसकट बंदी नाही घालता येत. शिकागोने 1982 पासून हँडगनची नवी नोंदणीच बंद केली होती, म्हणजे बंदीच झाली ना. तिथले ओटिस मॅकडोनाल्ड म्हणून सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ, घरात कितीदा चोऱ्या झालेल्या, त्यांना उशाशी पिस्तूल हवं होतं आणि ते कोर्टात गेले. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने निकाल दिला की लोकांना शस्त्र बाळगायचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती राज्यांना आणि शहरांनाही लागू आहे.

पण खरा अडसर राज्याचाच असतो बरं का, लोक हे विसरतात. शहराला अधिकार राज्य देतं, त्यामुळे बहुतेक राज्यांनी कायदाच केलाय की बंदुकीचे नियम फक्त आम्हीच करणार. फ्लोरिडात तर नगरसेवकाने मुद्दाम असा नियम केला तर त्याच्या स्वतःच्या खिशातून 5,000 डॉलरपर्यंत दंड, वर गव्हर्नर पदावरूनही काढू शकतो. हे मला अजिबात पटत नाही, गोळीबारात पोरं मरतात ती त्या शहराची आणि अंत्ययात्रेला जायचं त्या नगरसेवकाने, मग निदान बोलायचा हक्क तरी त्याला हवा की नको?