नाटक विषय घेतला, तर पुढे काय?

नववीचे विषय ठरवण्याचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : मुलाला किंवा मुलीला नाटक हा विषय घ्यायचा आहे, पण त्याचे पुढे काय? राज्य मंडळाच्या दहावीला नाटक हा लेखी परीक्षेचा स्वतंत्र विषय नसल्याने तिथे हाच प्रश्न ‘दहावीच्या वर्षी बालनाट्य स्पर्धेत भाग घेऊ द्यावा का’ अशा रूपात येतो. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या शाळांत मात्र नाटक विषयांच्या यादीतच असते, त्यामुळे तिथले पालक अधिक धास्तावलेले दिसतात. अशाच एका कुटुंबाशी झालेले बोलणे, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, इथे मांडते.

मुलीला मैत्रेयी म्हणू. वय चौदा, वडील चाकणच्या एका कारखान्यात अभियंता, आई बँकेत. गणित आणि विज्ञानाचे तिन्ही विषय ती घेणारच होती. तिला नाटक हवे होते ते केवळ वाणिज्याच्या एका विषयाच्या जागी. तरीही घरात जेवणाच्या टेबलावर अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती.

“मॅडम, आम्हाला कलेचं वावडं नाही,” आई म्हणाल्या. “भरतनाट्यमला आम्हीच घातलं तिला. पण ही म्हणते, मी अभिनेत्रीच होणार. उद्या काम मिळालं नाही तर?”

“समजा, नाही मिळालं. मग?”

“मग ती घरी बसेल.”

“आणि मग?”

आई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “मग सगळे म्हणतील, तुम्ही तिला अडवलं का नाही?”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी जडणघडण झाली आहे, त्यामुळे भीतीला अर्ध्या वाटेवर न सोडता ती जिथे संपते तिथपर्यंत चालत जायचे, ही माझी जुनी सवय. मुलीच्या भविष्याची म्हणून जी काळजी सांगितली जाते, तिच्या तळाशी पुष्कळदा पालकांना लोकांसमोर द्यावा लागणारा जबाब असतो. यात लाजण्यासारखे काही नाही; मात्र ती भीती कोणाची आहे हे कळल्याखेरीज मुलीशी नीट बोलता येत नाही. वडिलांनी डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण दिले. हे उदाहरण या खोलीत दोन्ही पक्ष देतात. पालक म्हणतात, पाहा, ते आधी कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले. मुले म्हणतात, पाहा, शेवटी ते पूर्ण वेळ नाटकाकडेच वळले. त्यावर वाद घालणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

पुढच्या वेळी मैत्रेयीला एकटीला बोलावले आणि आजवर केलेल्या भूमिकांपैकी सर्वांत आवडलेली कोणती, असे विचारले. तिला चटकन एकही आठवेना. मग तालमीत काय आवडते, असे विचारले, तेव्हा मात्र ती थांबेचना. शाळेच्या एका नाटकात न्यायालयाचा प्रवेश काही केल्या रंगत नव्हता. ही सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली, तेव्हा तिच्या लक्षात आले की साक्षीदार उभा राहिला की आरोपीचा चेहराच झाकला जातो. तिने पिंजरा दोन पावले पुढे आणि थोडा तिरका ठेवायला सुचवले, आणि त्याच संवादांना सगळे एकदम गप्प होऊन ऐकू लागले. हे सांगताना ती खुर्चीवरून उठून माझ्या टेबलावरच्या वस्तू इकडून तिकडे मांडून दाखवत होती.

“मग अभिनेत्री होणार, असं घरी का सांगितलंस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मी घाई केली नाही.

“नुसतं आवडतं म्हटलं तर घरी चालत नाही,” ती म्हणाली. “दादाला चित्रकला हवी होती, तेव्हा बाबांनी विचारलं, याचं पुढे काय करणार? त्याला सांगता आलं नाही. म्हणून मी आधीच ठरवून ठेवलं होतं काय सांगायचं.”

या उत्तरापाशी मी आजही थांबते. ज्या घरात प्रत्येक विषयाला नोकरीचा दाखला द्यावा लागतो, तिथे मूल तो दाखला स्वतःच तयार करते. पालक त्या दाखल्यालाच घाबरतात, आणि मूल एकदा बोलून बसले की मागे फिरायला तयार नसते. मैत्रेयीच्या घरात चाललेले भांडण अशा एका व्यवसायावरून होते, जो त्या घरात खरे तर कोणीच निवडलेला नव्हता. हे माझ्या ध्यानात आल्यापासून मी मुलांना ‘तुला काय व्हायचे आहे’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारत नाही, आणि त्याने माझे काम पुष्कळ सोपे झाले आहे, असे थोड्या अभिमानाने सांगते.

तिघे एकत्र बसले, तेव्हा मैत्रेयीने हे स्वतःच सांगितले. वडिलांनी बराच वेळ खाली पाहिले आणि मग विचारले, “बरं, पण या विषयात शिकवतात तरी काय?” इतक्या दिवसांत हे कोणी विचारलेच नव्हते.

केंब्रिजच्या नाटक विषयाच्या परीक्षेत 40 टक्के गुण लेखी परीक्षेला आणि 60 टक्के प्रात्यक्षिकाला असतात. लेखी परीक्षेत नाट्यप्रवेशाचा विचार नटाच्या, दिग्दर्शकाच्या आणि नेपथ्य-प्रकाश योजणाऱ्याच्या नजरेने करावा लागतो. प्रात्यक्षिकात एक प्रवेश एकट्याने आणि दोन गटाने सादर करायचे असतात, आणि गटाच्या दोहोंपैकी एक मुलांनी स्वतः रचलेला असतो. म्हणजे अभिनय करावा लागतोच, आणि लिहावेही चांगले लागते. ‘सोपा विषय’ म्हणून तो घेणाऱ्या मुलांची इथे फसगत होते, हे पालकांनी आणि मुलांनीही ध्यानात घ्यावे. पुढच्या वाटेचे म्हणाल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर मिळतो, आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी यांचा विचारही शाळा संपल्यावरच करायचा असतो. चौदाव्या वर्षी हा विषय घेतल्याने विज्ञानाचे दार बंद होत नाही आणि रंगभूमीचे कायमचे उघडतही नाही. ठरवायचे असते ते पुढच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकाविषयी. तिने अभियंता व्हावे असे वाटणे गैर नाही, पण तसे न झाल्यास सगळे संपले असे धरून चालणे घरातल्या प्रत्येकालाच थकवते.

राज्य मंडळाच्या मुलांच्या पालकांना मी वेगळे सांगते. दहावीच्या वर्षी नाटक पूर्ण तोडू नये. एकच नाटक घ्यावे, त्याची अखेरची तारीख आधी ठरवावी आणि सराव परीक्षा सुरू होण्यापूर्वी ते आटोपावे. स्पर्धेच्या नादात रात्री उशिरापर्यंत तालमी चालत असतील, तर मुलाशी भांडण्याऐवजी दिग्दर्शकाशी बोलावे.

विषय घेण्यापूर्वी शाळेत मात्र जरूर जाऊन यावे. शिकवणारे शिक्षक नाटकाचे प्रशिक्षण घेतलेले आहेत का, की दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांकडे हा तास सोपवला आहे? वर्गात मुले किती आहेत? दोनच मुले असतील, तर गटाचे प्रवेश बसवायचे कसे? मैत्रेयीच्या आईने या यादीत स्वतःचा एक प्रश्न घातला, आणि मला तो सर्वांत व्यवहारी वाटला : तालीम लांबली, तर शाळेची बस थांबते का?