नव्या रेंजर मुलीस पत्र: हरणांची शिकार आणि टिकणारा खटला

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शिवपुरीकडच्या रेंजचा कार्यभार तू स्वीकारल्याचे तुझ्या आईकडून कळले होते. तुझे पत्र परवा मिळाले. चितळाच्या मांसासह पकडलेले आरोपी जामिनावर सुटून आठवडी बाजारात हिंडताना दिसले, तेव्हा हा कायदाच कुचकामी आहे असे वाटल्याचे तू लिहिले आहेस. तुझा संताप रास्त आहे. मात्र सरकारी वकील म्हणून वनखात्याचे खटले चालवताना माझे मत वेगळे होत गेले, आणि ते तुझ्या उपयोगाचे आहे असे वाटते म्हणून सविस्तर लिहितो. शिकारीच्या खटल्यात आरोपी सुटतो तो बहुतेक वेळा कायदा मवाळ असतो म्हणून नव्हे, तर घटनास्थळी पहिल्या काही तासांत जे व्हायला हवे ते झालेले नसते आणि पुढे ज्यांनी बोलायला हवे ते गाव गप्प बसते, म्हणून सुटतो. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी रेंजरच्या हातात असतात.

१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा कडकच आहे. ठार मारण्याबरोबरच फास लावणे, विष घालणे, आमिष मांडणे, जनावर हाकून आणणे आणि या सर्वांचा नुसता प्रयत्न करणे हेसुद्धा त्याने शिकारीतच धरले आहे. त्यामुळे तारेचा फास लावताना सापडलेल्या माणसाला, अजून काही मेलेच नाही, असा बचाव घेता येत नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत) असल्यामुळे त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि तिथे शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. पण तेच चितळ राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीत मारले गेले असेल, तर त्यालाही किमान ३ वर्षांची शिक्षा लागू होते. म्हणजे माधव राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर पडलेले जनावर हद्दीच्या आत होते की पन्नास पावले बाहेर, यावर संपूर्ण खटल्याचे वजन ठरते. आणि पंचनाम्यात नुसते ‘नाल्याजवळ’ असे लिहिलेले असेल तर आरोपीचा वकील त्या एका शब्दावर दिवसभर उलटतपासणी घेईल. जी.पी.एस.चे अक्षांश-रेखांश, कंपार्टमेंटचा (वनखंडाचा) क्रमांक आणि जवळच्या सीमास्तंभापासूनचे अंतर पंचनाम्यात आलेच पाहिजे.

आता घटनास्थळाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते इथेच. रात्री दोन वाजता मोटारसायकलवरून मांसाचे पोते पकडले जाते, बीटगार्ड (वनरक्षक) थकलेले असतात, आणि पी.ओ.आर. म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल सकाळी रेंज ऑफिसात बसून लिहिला जातो. त्यातली वेळ, जप्तीनाम्यातली वेळ आणि अटकेची वेळ एकमेकींशी जुळत नाहीत, आणि पंच म्हणून सही केलेला माणूस पुढे न्यायालयात सांगतो की कोऱ्या कागदावर सही घेतली होती. सर्व कागद जागेवरच, टॉर्चच्या उजेडात का होईना, लिहून पुरे कर. पंच खात्याबाहेरचे आणि शक्यतो शेजारच्या गावातले घे, कारण आरोपीच्या गल्लीतला पंच फितूर होणारच. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने) १ जुलै २०२४ पासून पोलिसांना घालून दिले आहे. तीच शिस्त तू स्वतःला लावून घे, आणि चित्रीकरण कोणत्या मोबाइलवर, कोणी केले व ते पुढे कुठे जतन केले हे लिहून ठेव, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र देताना अडचण येणार नाही.

मांस हरणाचेच होते हे सिद्ध करणे हा दुसरा मोठा टप्पा. आरोपी बकऱ्याचे मांस होते असे सांगणार, आणि प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर ते खोडून काढण्याचे साधन तुझ्याजवळ राहणार नाही. डी.एन.ए. तपासणीचा नमुना निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवायचा असतो. फॉर्मेलिनमध्ये घातला की तो खराब होतो, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यालाही आधी आठवण करून द्यावे लागते. विषप्रयोगाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावा. शिजलेले मांससुद्धा टाकून देऊ नकोस, त्यातूनही बऱ्याचदा ओळख पटते. नमुन्यावरच्या लाखेच्या मोहरेचा ठसा वेगळ्या कागदावर घेऊन प्रयोगशाळेला पाठवायचा असतो, आणि नमुना जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत कोणकोणाच्या हातून गेला याची नोंद अखंड असावी लागते. ती साखळी एका दिवसापुरती जरी तुटली, तरी उत्तम अहवालही संशयात सापडतो.

शिंगांबाबत नेहमी एक बचाव येतो: ती जंगलात पडलेली सापडली. चितळ आणि सांबर यांची शिंगे दरवर्षी गळतात हे खरे आहे, आणि गळालेल्या शिंगाच्या बुंध्याशी खडबडीत कडे असते. पण शिंगाला कवटीचे हाड चिकटलेले असेल तर ते गळालेले नाही, जनावर मेल्यावरच काढलेले आहे. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे गळतच नाहीत. हा फरक शवविच्छेदनाच्या अहवालात स्पष्ट शब्दांत लिहून घे, कारण न्यायाधीशांनी रान पाहिलेले असेलच असे नाही. मात्र गळालेले शिंगसुद्धा घरात बाळगण्याची मोकळीक कोणाला नाही, हेही गावांतून सांगत राहायला हवे.

बंदुकीपेक्षा विजेची तार आज जास्त जनावरे मारते. ११ के.व्ही.च्या लाइनवर आकडा टाकून खुंट्यांवर तार पसरली जाते, बहुधा रानडुकरासाठी, आणि तिच्यात चितळ, नीलगाय, कधी बिबट्या, कधी पाणी द्यायला निघालेला शेतकरीही मरतो. पहाटेपूर्वी तार गुंडाळलेली असते, म्हणून पुरावा नाही असे समजून प्रकरण सोडून दिले जाते. अशा वेळी वीज उपकेंद्रावर जाऊन त्या रात्रीच्या ट्रिपिंगच्या (लाइन आपोआप बंद पडल्याच्या) नोंदी माग. लाइन किती वाजता ट्रिप झाली हे तिथल्या नोंदवहीत असते, आणि मृत्यूच्या अंदाजित वेळेशी ती वेळ जुळली तर तो असा पुरावा आहे की ज्याला कोणी फितूर करू शकत नाही. वीज कंपनीच्या अभियंत्याला पंचनाम्याला बोलाव आणि वीजचोरीचा गुन्हाही स्वतंत्रपणे नोंदवून घे.

जबाबांविषयी दोनच गोष्टी. वनाधिकारी हा पोलीस अधिकारी नसल्यामुळे त्याच्यासमोर दिलेला कबुलीजबाब पोलिसांसमोरच्या कबुलीसारखा आपोआप बाद होत नाही, आणि नेमक्या याच सवलतीमुळे काही ठिकाणी मारहाण करून कबुली घेण्याची वाईट सवय लागली आहे. तसे कधीही होऊ देऊ नकोस. ते अन्यायकारक तर आहेच, शिवाय वैद्यकीय तपासणीत एक वळ जरी दिसला तरी संपूर्ण खटला कोसळतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० खाली पुराव्यात वाचता येईल असा जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने, आरोपीच्या उपस्थितीत नोंदवावा लागतो, तुझ्या एस.डी.ओ. (उपविभागीय वनाधिकारी) साहेबांना त्यासाठी पहिल्याच दिवशी विनंती कर, आणि जबाबातून जे हत्यार, कातडे किंवा मुंडके निघेल त्याच्या जप्तीला जबाबापेक्षाही जास्त जप. कलम ५७ प्रमाणे मांस किंवा शिंग ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच ते बेकायदा नसल्याचे दाखवायचे असते, पण ताबा त्याचाच होता हे आधी तुला सिद्ध करावे लागते. एकत्र कुटुंबाच्या घरातला फ्रीज कोणाचा, खोलीची किल्ली कोणाजवळ, हे जागेवर न लिहिल्यामुळे सुटलेले आरोपी मी पाहिले आहेत.

खटला इतका का रेंगाळतो, असे तू विचारले आहेस. या कायद्याखाली न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नव्हे, तर अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर दखल घेते, आणि अशा तक्रारीच्या खटल्यात साक्षीदारांना आरोप निश्चित होण्यापूर्वी एकदा आणि नंतर उलटतपासणीसाठी पुन्हा उभे राहावे लागते. दरम्यान बीटगार्डची बदली होते, पशुवैद्य निवृत्त होतो, पंच कामासाठी सुरतेला निघून जातो. जोधपूरजवळच्या कांकाणी गावातील काळविटांच्या शिकारीची घटना १९९८ ची आहे आणि खालच्या न्यायालयाचा निकाल ५ एप्रिल २०१८ रोजी लागला. मुख्य आरोपीला शिक्षा झाली, इतर सुटले, आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. त्या खटल्यात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट निकालाची नाही. वीस वर्षे हरणांना जपणाऱ्या बिष्णोई समाजाचे साक्षीदार आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, ही आहे. त्यांना कोणा अधिकाऱ्याने तयार केले नव्हते. ते रान त्यांचे होते.

आपल्या भागात तसे गाव मिळत नाही, आणि त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय तुझा कोणताही खबरी टिकणार नाही. शिवपुरी जिल्ह्यातले करैरा अभयारण्य १९८१ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी झाले. जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, पुढे माळढोकच नाहीसा झाला, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला बंधने व हरभऱ्यात शिरणारे काळविटांचे कळप तेवढे उरले. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी कोणताही अधिकारी देऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग नुकसानभरपाई वेळेवर मिळवून देणे हे आपले कर्तव्य ठरते. ती मध्य प्रदेशच्या राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे महसूल खात्याकडून मिळते, म्हणून वनखाते हात झटकते आणि पटवारी (तलाठी) फिरकत नाही. तू स्वतः तहसीलदारांकडे जा, अर्ज पुढे सरकव. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने हाकून, बोमा पद्धतीने (निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात घालून) काळवीट आणि नीलगायी पकडून दूर हलवण्यात आल्या. असा उपाय तुझ्या रेंजला लागू पडतो का, हे वरिष्ठांना विचारण्यासारखे आहे. ज्या शेतकऱ्याचा अर्ज तू मंजूर करून आणलास, तोच उद्या रात्री जीपच्या सर्चलाइटची खबर देईल.

संशयित शोधताना जात बघून दार ठोठावण्याची जी रीत आहे तिच्यापासून दूर राहा. मोगिया आणि पारधी या परंपरेने शिकार करणाऱ्या जमातींच्या कुटुंबांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते; तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यांतली नजर पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. पिकांच्या राखणीसाठी त्यांना ठेवतात ते जमीनदार, आणि मांसाचे गिऱ्हाईक असते शहरात. ग्वाल्हेरच्या आपल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत भिंतीवर हरणांची मुंडकी आहेत, शिकारीच्या आठवणी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि फार्महाउसवरच्या पार्टीत ‘जंगली’ मटण वाढले जाते, हेही मी ऐकून आहे. फास लावणारा मजूर पकडला की तपास संपला असे समजू नकोस. त्याच्या मोबाइलवरून पुढे कोणाला फोन गेले ते पाहा, वाहन कोणाच्या नावावर आहे ते पाहा, आणि धागा जिल्ह्याबाहेर जात असेल तर भोपाळच्या स्टेट टायगर स्ट्राइक फोर्सला वेळीच कळव. कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी चित्ते आणले गेले, त्यांचे मुख्य भक्ष्य चितळच आहे. तेव्हा चितळाचे प्रकरण किरकोळ समजून दंडावर मिटवा, असे कोणी सुचवले तर त्याला हे सांग.

एक गोष्ट आज्ञा म्हणून लिहितो. १४ मे २०२२ च्या पहाटे गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळवीट मारून निघालेल्या शिकाऱ्यांना अडवताना तीन पोलीस गोळीबारात ठार झाले, आणि ते सशस्त्र पोलीस होते. तुझ्या बीटगार्डच्या हातात बहुधा काठी असते. रात्रीच्या खबरीवर एकटीने किंवा दोघांनी कधीही जायचे नाही. निघण्यापूर्वी ठाण्याला कळवून त्याची नोंद करून घ्यायची, आणि समोर बंदूक आहे असे कळल्यास पाठलाग न करता वाहनाचा क्रमांक व दिशा नोंदवून पुढच्या नाक्यावर अडवायचे. आरोपी उद्याही सापडेल.

आता कामाचे. तुझ्या रेंजमधल्या प्रलंबित प्रकरणांची एक वही कर: गुन्हा क्रमांक, पुढची तारीख, प्रयोगशाळेचा अहवाल आला की नाही, कोणता साक्षीदार कुठे बदलून गेला आणि त्याचा सध्याचा फोन. तक्रारीला अधिकारपत्राच्या अधिसूचनेची प्रत जोडलेली आहे ना, तेही प्रत्येक फाइलमध्ये पाहून घे. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या कामासाठी ग्वाल्हेरला येशील तेव्हा वही आणि त्या चितळाच्या प्रकरणाच्या पी.ओ.आर., जप्तीनामा व पंचनाम्याच्या नकला घेऊन घरी ये. जामीन झाला म्हणून ते प्रकरण संपलेले नाही. आरोप निश्चितीपूर्वीच्या साक्षींना कोणाला आधी उभे करायचे, हे आपण बसून ठरवू.

तुझे
काका