वाचक विचारतात : सुरी, विळी आणि चमच्यांवरचा गंज

प्रश्न : दिवाळीत एकाच दुकानातून स्टीलचे सहा चमचे आणि दोन सुऱ्या घेतल्या होत्या. पाऊस सुरू झाल्यापासून दोन्ही सुऱ्यांच्या पात्यांवर तपकिरी ठिपके दिसू लागले आहेत, चमचे मात्र नव्यासारखे आहेत. दुकानदाराने सुऱ्या हलक्या दिल्या असे समजावे का? ठिपके कशाने जातील?
— वाचक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराला दोष देण्याची घाई करू नये, कारण चमचा आणि सुरी यांचे स्टील मुळातच वेगळे असते. लोखंडात साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम मिसळले की त्याला स्टेनलेस स्टील म्हणतात. हे क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करते, आणि तोच थर आतील लोखंडाचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो पुन्हा भरून येतो. चांगल्या चमच्यांच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. सुरीला मात्र धार टिकवायची असते. त्यासाठी पाते कठीण हवे आणि कठीणपणासाठी कार्बन अधिक हवा. या कार्बनशी काही क्रोमियम बांधले जाते आणि संरक्षक थरासाठी तेवढे कमी उरते. शिवाय सुरीच्या स्टीलमध्ये क्रोमियम बहुधा 12 ते 14 टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणून उत्तम सुरीसुद्धा चमच्याच्या आधी गंजते. 1913 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी जे न गंजणारे पोलाद तयार केले, तेही जवळपास 13 टक्के क्रोमियमचे, म्हणजे आपल्या सुरीच्याच जातीचे होते.

पावसाळ्यात कोल्हापुरातील हवा आठवडेच्या आठवडे ओलसर असते आणि चमच्यांच्या स्टँडच्या तळाशी साचलेले पाणी सुकतच नाही, हे पहिले कारण. त्याहून मोठा शत्रू मीठ. मिठातील क्लोराइड तो संरक्षक थर बारीक जागी भेदते आणि तेथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. कांदा-लसूण चटणीच्या किंवा लोणच्याच्या बरणीत चमचा तसाच ठेवणे, लिंबू कापून सुरी ओट्यावर टाकून देणे, रस्स्याची खरकटी भांडी रात्रभर मोरीत भिजत ठेवणे, या सवयी आपल्या घरोघरी आहेत आणि स्टीलला त्याच बाधतात.

ठिपके काढण्यासाठी खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा लेप लावावा, दहा मिनिटांनी मऊ फडक्याने पात्याच्या लांबीच्या दिशेने चोळावे. न गेल्यास लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाच-दहा मिनिटे लावून लगेच धुवावे. तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावण्याची आपली रीत स्टीलवर वापरू नये. आंबटपणा गंज सोडवतो हे खरे, पण सोबतचे मीठ नव्या गंजाची सोय करून ठेवते. लोखंडी तारेची घासणी तर कटाक्षाने टाळावी, कारण तिचे सूक्ष्म कण स्टीलमध्ये रुतून बसतात, ते स्वतः गंजतात आणि दोष मात्र सुरीला मिळतो. यापुढे सुरी वापरल्याबरोबर धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी. निथळत ठेवणे म्हणजे कोरडी करणे नव्हे. एवढे एक पाळले तरी बहुतेक घरांत दुसरा उपाय करावा लागत नाही.

प्रश्न : 2021 च्या जुलैमधील महापुरात घरात पाणी आले तेव्हा आजीची विळी आणि अडकित्ता ट्रंकेत राहून गेले. आता दोन्हींवर जाड गंज आहे. टाकून देणे जिवावर येते. ती वाचतील का?
— वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा वाचतील, आणि वाचवावीतच. आजीच्या हातची विळी बाजारात पुन्हा मिळत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. म्हणून नुसते तेल फासून उपयोग नाही, आधी गंज उतरवलाच पाहिजे.

प्रथम साबणाच्या गरम पाण्याने दोन्ही वस्तू स्वच्छ धुवाव्यात. पुरानंतर निर्जंतुकीकरणासाठी अनेकजण भांडी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवतात, पण त्यातील क्लोरीन लोखंड आणि स्टील दोन्हींना खाते. विळीचे पाते पाटापासून सुटत असेल तर सोडवून घ्यावे, कारण लाकूड भिजले की फुगते आणि पाते डुगडुगू लागते. सुटत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पात्यालाच गुंडाळावे. सुटे पाते व्हिनेगरमध्ये बुडवून दर अर्ध्या तासाने पाहावे. गंज मऊ होऊन सुटू लागला की जुन्या दात घासण्याच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने काढावा. रात्रभर विसरू नये, आम्ल चांगल्या लोखंडालाही सोडत नाही. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेले आम्ल मारावे आणि त्याच क्षणी पुसून मंद आचेच्या उबेवर पाते पूर्ण सुकवावे, कारण नुकतेच उघडे पडलेले लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. पडलेले खड्डे भरून येणार नाहीत. धार मात्र धारवाल्याकडून नव्याने लावून घेता येते.

अडकित्ता नीट पाहावा. तो पितळी असेल किंवा त्यावर निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवू नये. फक्त लोखंडी पाती चोळून साफ करावीत आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा.

रोज वापरात असेल तर पात्याला खोबरेल तेलाचा हलका हात पुरतो. करडई किंवा सूर्यफुलाचे तेल दीर्घकाळ राहिले की चिकट होते, म्हणून ते नको. वस्तू वर्षभर ठेवूनच द्यायची असेल तर शिलाई मशीनचे तेल लावून कोरड्या सुती कापडात गुंडाळावी आणि वापरण्यापूर्वी साबणाने धुवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही.

प्रश्न : गंजलेल्या सुरीने बोट कापले तर धनुर्वात होतो, हे खरे का?
— वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : गंजामुळे धनुर्वात होत नाही. त्याचे जिवाणू माती, धूळ आणि शेणात असतात. गंजलेली वस्तू अनेकदा तशाच जागी पडलेली असते म्हणून दोन्हींची सांगड बसली. चकचकीत पण मातीने माखलेला खिळाही तितकाच धोक्याचा, आणि खोल, अरुंद जखम अधिक धोक्याची, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. जखम अस्वच्छ असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : हुपरीहून घेतलेले चांदीचे चमचे काळे पडले आहेत. हाही गंजच का?
— वाचक, कागल

उत्तर : नाही. गंज फक्त लोखंडाला आणि लोखंड असलेल्या धातूंना चढतो. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि गंधक अंडी, कांदा, लसूण यांत असतेच. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर चमचे टेकतील असे ठेवावेत, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतावे. काळिमा काही मिनिटांत फॉइलकडे जातो आणि घासून चांदी झिजवावी लागत नाही. ज्या चमच्यांच्या नक्षीत कारागिराने मुद्दाम काळी छटा भरली असेल ते मात्र या पाण्यात घालू नयेत, कारण ती छटाही निघून जाईल.