डिसेंबरात सिंहगड व्हॅलीत दिसलेले चिमणीसारखे रेघाळ पक्षी रोझफिंच असू शकतात का? एकही लाल नव्हता.

असू शकतात, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय. घाणेरीच्या जाळीत सात-आठ पक्षी, छातीवर तपकिरी रेघा, चोच जाड, अ‍ॅप एकदा चिमणी म्हणतं आणि एकदा रोझफिंच, आणि पुस्तकातलं चित्र मात्र लालभडक. तुमची अडचण त्या चित्रामुळे झालीये.

लाल फक्त पूर्ण वाढलेला नर असतो. माद्या मातकट, आणि पहिल्या वर्षाचे नरही हुबेहूब माद्यांसारखेच. त्यामुळे अख्ख्या थव्यात लाल पक्षी एकही नाही, असं अगदी सहज घडतं. मी स्वतः दोन हिवाळे अशा थव्यांची नोंद वहीत 'चिमणी, मादी' अशी केली होती. तिसऱ्या वर्षी एक मादी घाणेरीवर माझ्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर बसली. काळं पिकलेलं फळ चोचीत धरून ती ते सावकाश फिरवत होती, चोचीच्या कडेला जांभळा गर लागला होता. दहा मिनिटं जागची हलली नाही. तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं! ना भुवई, ना डोळ्यामागची पट्टी. नुसता कोरा, मातकट चेहरा आणि त्यात काळा मण्यासारखा डोळा.

हीच खूण पक्की धरा. घरचिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि रेघा पाठीवर असतात, छाती साधी. सुगरणीच्या मादीलाही भुवई असते. पीतकंठी चिमणी (सालिम अलींनी लहानपणी एअरगनने पाडली आणि जिच्यामुळे ते १९०८ साली बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात पोचले, तीच) त्याच झाडोऱ्यात भेटते, पण तिच्या अंगावर रेघा नसतात आणि चोच बारीक असते. भारीट (बंटिंग) माद्यांशी गल्लत जास्त होते. पण काळ्या आणि लाल डोक्याच्या भारीटांचे थवे ज्वारीच्या शेतांत असतात, त्यांची शेपटी लांब दिसते आणि शेपटीखाली पिवळसर झाक असते. रोझफिंचची चोच आखूड, फुगीर, वरची कड गोलसर वळलेली. पंखावर दोन बारीक फिकट पट्ट्या, शेपटीच्या टोकाला खाच.

'हिमालयातला पक्षी एवढ्या लांब कसा?' असं तुम्ही विचारलंय. वीण हिमालयात आणि त्याच्या पलीकडे मध्य आशिया, सायबेरियापर्यंत होते, पण थंडीत हे पक्षी सह्याद्रीत आणि आणखी दक्षिणेलाही उतरतात. साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ते इथे असतात. घाणेरीची फळं, वड-उंबर, आणि एखाद्या वर्षी बांबू फुलून बी धरलं की तिथे हमखास. खरं तर फिंच कुळातला आपल्याकडे नेमाने येणारा पक्षी जवळजवळ हा एकच. पिंजऱ्यात विकतात तो झेब्रा फिंच या कुळातला नाही, मुनियांच्या गोतातला आहे. म्हणून पुण्याजवळ कधी भलताच रंगीत 'फिंच' दिसला, तर दुर्मीळ पाहुणा म्हणून जाहीर करण्याआधी तो पिंजऱ्यातून सुटलेला नाही ना, ते बघा. पिसं झिजलेली आहेत का, पायात कडी आहे का, माणसाला बुजतो का.

अ‍ॅपवर रागावू नका, पण त्याला चांगला फोटो द्या. पाठीचा नको, चेहरा आणि छाती दिसेल असा बाजूचा. फोटो नसेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना शेऱ्यात 'भुवई नाही, छातीवर रेघा, पंखावर दोन पट्ट्या' एवढं लिहा. तिथे नोंदी तपासणाऱ्या परीक्षकाला ते पुरतं. आणि भुवई आहे की नाही हे नीट पाहिलंच नसेल तर प्रजातीचं नाव न लिहिता सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पुन्हा जाल तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पिसांच्या फिकट कडा झिजून नरांचा लाल रंग तोवर खुललेला असतो. सकाळी लवकर त्याच जाळीपाशी बसून राहा, फिरू नका. आधी पानं हलतील, मग एखादा पक्षी उडताना प्रश्न विचारल्यासारखी वर चढणारी 'टू-ई?' अशी शीळ घालेल. ती ऐकू आली की दुर्बीण उचला.