बंदी पाकिस्तानात, यूट्यूब ठप्प जगभर

प्रश्न : २००८ साली पाकिस्तानने यूट्यूबवर बंदी घातली आणि जगभर यूट्यूब बंद पडले, असे वाचले. हा मुद्दाम केलेला हल्ला होता का? आज असे होऊ शकते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हल्ला नव्हता. एका व्हिडिओवरून यूट्यूब रोखण्याचा सरकारी आदेश होता आणि तो पाळण्यासाठी केलेली तजवीज देशाबाहेर निसटली. माझी बरीच नोकरी रूटर, म्हणजे माहिती कुठल्या वाटेने पाठवायची ते ठरवणारी यंत्रे, सांभाळण्यात गेली, म्हणून जरा खोलात सांगतो.

‘इंटरनेटवरचे अमुक पत्ते माझ्याकडे आहेत’ असे प्रत्येक मोठे नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला बीजीपी या पद्धतीने कळवत असते. त्यात पुरावा मागण्याची सोय मुळातच नव्हती. यूट्यूबने १०२४ पत्त्यांचा गट जाहीर केलेला होता. २४ फेब्रुवारीला पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलेच २५६ पत्ते आपले म्हणून जाहीर केले. देशातले यूट्यूबचे ट्रॅफिक, म्हणजे तिकडे जाणारी माहिती, आपल्याकडे ओढून टाकून द्यायचे, एवढाच बेत. पण रूटर नेहमी लहान गटाचे ऐकतो. टपालखात्यात ‘पुण्याची पत्रे या थैलीत’ आणि ‘सदाशिव पेठेची त्या थैलीत’ अशा दोन सूचना असतील, तर पेठेचे पत्र दुसऱ्याच थैलीत जाणार.

ही घोषणा पाकिस्तान टेलिकॉम जिची ग्राहक होती त्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने न तपासता पुढे पाठवली आणि जगभरातले ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते. यूट्यूबने आधी तेच २५६ आणि मग १२८-१२८ पत्त्यांचे गट जाहीर करून ट्रॅफिक परत ओढायला सुरुवात केली. अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने ती चुकीची घोषणा मागे घेतली.

माझ्या मते मोठा दोष पीसीसीडब्ल्यूचा. आपल्या ग्राहकाचे पत्ते कोणते, याची यादी ठेवून बाकीचे नाकारणे हे या धंद्यातले पहिले काम आहे. आणि साइट बंद करायला रूटिंगमध्ये खोटी माहिती घालणे हा मार्गच मला धोक्याचा वाटतो. ती सीमेवर आपोआप थांबत नाही.

आज? २८ मार्च २०२२ ला रशियाच्या आरटीकॉम कंपनीने ट्विटरचे २५६ पत्ते असेच आपले म्हणून जाहीर केले. पण ट्विटरने आरपीकेआय या, कोणते पत्ते कोणाचे हे पडताळता येणाऱ्या व्यवस्थेत त्या पत्त्यांची सही करून नोंद केलेली होती, त्यामुळे बऱ्याच नेटवर्कनी ती घोषणा झिडकारली आणि ती फारशी पसरली नाही. मात्र सही न जुळणारी घोषणा नाकारण्याचे काम प्रत्येक नेटवर्कने स्वतः करायचे असते, आणि सगळी अजून ते करत नाहीत.